‘आमची बँक’ आणि ‘आपली बँक’: विलीनीकरणानंतर कर्मचाऱ्यांच्या आपलेपणाचा प्रश्न

प्रश्न एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. विलीनीकरणाला पाच वर्षे उलटून गेली, तरी जुन्या बँकेतून आलेले कर्मचारी नव्या बँकेला आपली मानत नाहीत, आजही एकमेकांना जुन्या बँकेच्या नावाने ओळखतात आणि नव्या बँकेच्या मोहिमांमध्ये मनापासून उतरत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण आहे. जुन्या बँकेचा उल्लेख टाळण्याची लेखी सूचना काढावी आणि सर्वांसाठी एक दिवसाचा ‘एक बँक, एक कुटुंब’ कार्यक्रम घ्यावा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. याचा उपयोग होईल का, आणि होणार नसेल तर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

बँकांमधील मनुष्यबळाचे काम मी तीस वर्षांहून अधिक काळ केले आणि त्या काळात दोन विलीनीकरणे आतून पाहिली. एकदा सामावल्या जाणाऱ्या बँकेच्या बाजूने आणि दुसऱ्यांदा सामावून घेणाऱ्या बँकेच्या बाजूने. त्या अनुभवावरून सांगतो की, ती सूचना कृपा करून काढू नका. कार्यक्रम घ्यायचा असेल तर घ्या, त्याने फारसे नुकसान होणार नाही; पण सूचनेमुळे जे लोक आज मोकळेपणाने जुन्या बँकेविषयी बोलतात, ते उद्यापासून दार लावून बोलतील, आणि त्यांच्या मनात काय चालले आहे हे कळण्याचा तुमचा एकमेव मार्ग बंद होईल.

आपलेपणा मोजण्याचे एक साधन आपल्या भाषेनेच आपल्याला दिले आहे. संस्थेशी असलेले तादात्म्य मोजण्यासाठी फ्रेड माएल आणि ब्लेक ॲशफर्थ या अभ्यासकांनी 1992 मध्ये सहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, जी आजही जगभर वापरली जाते. संस्थेवर कोणी टीका केली तर मला ती स्वतःचा अपमान वाटते, संस्थेचे यश ते माझे यश, अशी ती विधाने आहेत. त्यातील एक विधान असे की, संस्थेविषयी बोलताना मी ‘ते’ असे न म्हणता ‘वी’ असे म्हणतो. इंग्रजीत हा ‘वी’ एकच आहे. मराठीत त्याचे दोन शब्द होतात: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. विलीनीकरणानंतर शाखेत कान देऊन ऐकले, तर हा फरक दिवसभर ऐकू येतो. ‘आमच्याकडे पीक कर्जाचं प्रकरण शाखेतच मंजूर व्हायचं,’ ‘तुमच्या सिस्टीममध्ये हा मेनूच नाही,’ ‘त्यांचं सर्क्युलर आलंय’ या तीन वाक्यांमध्ये आमचे, तुमचे आणि त्यांचे आहे. आपले काहीच नाही. ज्या दिवशी तीच व्यक्ती ग्राहकाला ‘आपल्याकडे आता तसं राहिलं नाही’ असे सांगते, त्या दिवशी काहीतरी हलले आहे असे समजावे, मग ते वाक्य तक्रारीच्या सुरात आलेले असले तरीही. म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणीच मी थोडी बदलू इच्छितो. ‘आमची’ हा शब्द जुन्या बँकेसाठी वापरला जातो यात काहीही गैर नाही. नव्या बँकेसाठी ‘आपली’ हा शब्द का वापरला जात नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि पहिला शब्द पुसल्याने दुसरा उमटत नाही.

विलीनीकरणाच्या सभांमध्ये कोणीतरी हमखास सासर-माहेरची उपमा देते. मला ती कधीच पटली नाही, कारण तिच्यात जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी एकाच बाजूवर टाकलेली असते आणि ती टाकली आहे हे गोड शब्दांत झाकलेले असते. समोर बसलेल्या, पंचवीस वर्षे सेवा झालेल्या माणसाला ते नेमके समजते.

या क्षेत्रातले संशोधन ही गोष्ट अधिक काटेकोरपणे सांगते. दान फान क्निपेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, विलीनीकरणात वरचढ ठरलेल्या संस्थेच्या लोकांमध्ये जुने तादात्म्य नव्या संस्थेकडे बऱ्याच प्रमाणात वाहत जाते. दुय्यम ठरलेल्यांमध्ये हा धागा कमकुवत होतो. वरचढ बाजूच्या माणसाला नवी संस्था ही आपल्याच संस्थेचा पुढचा भाग वाटते. संस्थेचे नाव तेच असते, सर्क्युलरची भाषा तीच असते आणि मुख्य कार्यालयही त्याच इमारतीत असते. दुसऱ्या बाजूच्या माणसाला मात्र एक संस्था संपून दुसरी सुरू झाल्यासारखे वाटते. म्हणजे तुमच्या जुन्या बँकेच्या लोकांची निष्ठा कमी पडते असा निष्कर्ष काढण्याआधी हे पाहायला हवे की, त्यांच्या निष्ठेला पुढे जायला रस्ता ठेवला आहे का.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठ्या प्रमाणावर निर्माण झाला आहे, हेही लक्षात घ्यावे. 2017 च्या सुरुवातीला देशात सार्वजनिक क्षेत्रातील 27 बँका होत्या. 1 एप्रिल 2020 पासून त्या 12 उरल्या. 2017 मध्ये पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत गेल्या, 2019 मध्ये विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या व आयडीबीआय बँक खासगी बँकांमध्ये गणली जाऊ लागली, आणि 2020 मध्ये दहा बँकांच्या चार बँका झाल्या. त्या शेवटच्या विलीनीकरणाचा दिवस देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यानंतर उजाडला. फलक बदलायला माणसे मिळत नव्हती, अर्धे कर्मचारी आळीपाळीने येत होते आणि ज्यांची बँक त्या सकाळी कायद्याने संपली होती त्यांना एकत्र बसून तिचा निरोप घेण्याचीही सोय नव्हती. माझ्या मते अनेकांच्या मनातला तो निरोप आजही अर्धवट राहिलेला आहे, आणि तुमच्या विलीनीकरणाची पाच वर्षे मोजताना ही गोष्ट विचारात घेणे न्याय्य ठरेल.

सरकारने त्या वेळी बँकांच्या जोड्या लावताना त्यांची संगणक प्रणाली सारखी आहे का, याचा विचार केला होता. उदाहरणार्थ, युनियन, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या तिन्ही बँका फिनॅकल या एकाच प्रणालीवर होत्या. कागदावर हे योग्यच होते. परंतु प्रणालीचे नाव एक असले तरी प्रत्येक बँकेने तिच्यात आपापले मेनू, आपापले अहवाल आणि आपापल्या मंजुरीच्या पायऱ्या बसवलेल्या असतात, आणि शाखेतला माणूस काम करतो तो या पायऱ्यांवर.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. बँकेचे किंवा गावाचे नाव महत्त्वाचे नाही. तालुक्याच्या ठिकाणची शाखा होती, महिन्याचे पहिले दिवस होते, पेन्शनधारकांची रांग दारापर्यंत गेली होती. काउंटरवर अठ्ठावीस वर्षे सेवा झालेले मुख्य रोखपाल बसले होते. जुन्या प्रणालीत त्यांची बोटे न पाहता चालत. नव्या प्रणालीत त्यांना हवा असलेला मेनू सापडेना. सामावून घेणाऱ्या बँकेने ‘हँडहोल्डिंग’साठी, म्हणजे नवी प्रणाली हाताला धरून शिकवण्यासाठी, पाठवलेला पंचविशीतला एक अधिकारी त्यांच्या खुर्चीमागे उभा होता, त्याने दोनदा सांगून पाहिले आणि तिसऱ्या वेळी रोखपालांच्या हाताखालचा माऊस स्वतःकडे ओढून घेतला. त्यात उद्धटपणा नव्हता, रांग वाढत होती म्हणून घाई होती. समोर उभे असलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘राहू द्या साहेब, मी उद्या येतो.’ रोखपालांची मान वर झाली नाही. त्या शिक्षकांना बरे वाटावे म्हणून बोललेले ते वाक्य त्यांना सर्वांत जास्त लागले असावे, कारण ज्या गावात लोक त्यांच्याकडे विचारायला येत, त्या गावात त्यांची कीव केली गेली होती.

विलीनीकरणात पगार आणि नोकरी सुरक्षित राहते हे आपण पुन्हा पुन्हा सांगतो, आणि सार्वजनिक बँकांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु माणूस संस्थेशी एकरूप होतो तो आपल्या कसबामुळे आणि त्या कसबाला मिळणाऱ्या मानामुळे. ते कसब एका रात्रीत शून्यावर आणले, तर पगारपत्रक तेच राहूनही तो माणूस परका होतो. त्या शाखेच्या व्यवस्थापकांनी संध्याकाळी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी रोखपालांना सांगितले की, या मुलाला आपले पेन्शनधारक समजावून सांगा. कोणाचा हात अर्धांगवायूमुळे सही करू शकत नाही, कोणाच्या घरी जाऊन हयातीचा दाखला घ्यावा लागतो, कोणाच्या खात्यावर मुलगा परस्पर पैसे काढायला येतो, हे सगळे रोखपाल तासभर सांगत होते आणि तो अधिकारी वहीत लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी माऊस रोखपालांच्याच हातात राहिला. कोणत्याही प्रशिक्षण आराखड्यात ही पायरी नव्हती. तुमच्या विभागात नवे शिकवण्याची व्यवस्था नक्कीच झाली असेल. जुन्या बँकेच्या माणसाकडून नव्या बँकेने काही शिकून घेतल्याची एक तरी नोंद तुमच्या फायलीत आहे का, ते शोधून पाहा.

आता ज्येष्ठतेविषयी. यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात विलीनीकरण बिघडते ते बहुतेक वेळा इथेच. एका बँकेत पदोन्नती लवकर मिळत असते, दुसरीत उशिरा. एकत्र ज्येष्ठता यादी तयार करताना सध्याच्या स्केलमधील, म्हणजे वेतनश्रेणीतील, रुजू तारीख धरली, तर उशिरा पदोन्नती मिळालेल्या बँकेची माणसे सरसकट खाली जातात. एकूण सेवा धरली, तर दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो. पूर्ण न्याय्य सूत्र अस्तित्वातच नाही. राष्ट्रीयीकृत बँकांमधले पहिले विलीनीकरण 1993 मध्ये झाले, न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत गेली, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना कुठल्या क्रमांकावर बसवायचे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एकत्र आल्या तेव्हा तर हा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत ठेवला गेला. विमाने एका नावाने उडत होती, पण वैमानिकांच्या संघटना दोन, वेतनाची सूत्रे दोन आणि पदोन्नतीच्या रांगा दोन होत्या. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. मग न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2012 मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले, आणि तो संप 58 दिवस चालला. नव्या बोइंग 787 विमानांवरचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाच्या वैमानिकांना दिले जाण्यावर त्यांचा आक्षेप होता. पाच वर्षांनंतरही लोक कोणत्या विमानाच्या खुर्चीवर कोणाचा हक्क, या भाषेत बोलत होते. हे उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देत आलो आहे, कारण ‘कालांतराने सगळे एक होतात’ हा समज त्यातून पार खोटा ठरतो. वाटणीचा प्रश्न न सोडवता जो काळ जातो, त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात.

मग सूत्रच न्याय्य नसेल तर करायचे काय? सूत्र कसे ठरले हे उघड सांगायचे. कोणते पर्याय विचारात घेतले, कोणता का नाकारला, त्यामुळे कोणाचे किती नुकसान होते आणि ते भरून काढण्यासाठी काय केले आहे, हे दोन्ही बाजूंच्या संघटनांसमोर लेखी मांडायचे. नुकसान झालेला माणूस नुकसान पचवतो. आपल्याला फसवले गेले ही भावना त्याला पचत नाही. तुमच्या हातात सूत्र नाही, ते मुख्य कार्यालयात ठरते, हे मी जाणतो. पण नेमणुका तुमच्या हातात आहेत. तुमच्या क्षेत्रातील मोठ्या शाखांचे व्यवस्थापक, कर्ज प्रक्रिया केंद्राचे प्रमुख आणि क्षेत्रीय कार्यालयातील विभागप्रमुख कोणत्या बँकेतून आलेले आहेत, याची एक साधी यादी आजच करा. ऑस्ट्रेलियातील दोन विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाचा अभ्यास करताना डेबोरा टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते की, कमी दर्जाच्या मानल्या गेलेल्या कंपनीच्या लोकांना वर जाण्याचे दार उघडे दिसले, तर त्यांचे नव्या संस्थेशी अधिक जुळते. तुमची यादी एकाच बाजूला झुकलेली असेल, तर तुमचे कर्मचारी ती यादी न करताही तोंडपाठ सांगू शकतात, हे गृहीत धरा.

छोट्या वाटणाऱ्या खुणांकडेही लक्ष द्या. मी ज्या विलीनीकरणात सामावलेल्या बाजूला होतो, तिथे आम्हा सर्वांना नवे कर्मचारी क्रमांक मिळाले आणि ते सगळे एकाच आकड्याने सुरू होणारे होते. संगणक विभागाने ते केवळ सोयीसाठी केले होते. परिणाम असा झाला की, प्रशिक्षण केंद्रात हजेरीपटावर सही करताना शेजारचा माणूस क्रमांक पाहूनच ‘अच्छा, तुम्ही तिकडचे’ म्हणत असे. क्रमांकानुसार लावलेल्या प्रत्येक यादीत आमची नावे शेवटी येत, मग ती यादी निवासी गाळ्यांच्या वाटपाची असो की जेवणाच्या कुपनांची. तुमच्याकडे तसे असेल, तर क्रमांक बदलण्याची गरज नाही. याद्या आडनावानुसार लावा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना एक जुनी आठवण असेल. 2006 आणि 2007 या दोन वर्षांत कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये आणि सांगलीची सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. सांगली बँक 1916 सालची, युनायटेड वेस्टर्न 1936 सालची. अशा बँकेत नोकरी करणाऱ्याचा आपलेपणा दोन पदरी असतो. बँक आणि गाव यांत तो फरक करत नाही. मुख्य कार्यालय साताऱ्यात असणे म्हणजे अध्यक्षांची गाडी बाजारातून जाताना दिसणे, आणि आपल्या गावातून निर्णय होतात असे वाटणे. मुख्य कार्यालय मुंबईला गेले की त्या माणसाचे गावातले स्थान बदलते. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या लोकांचेही असेच होते. ती बँक 1941 मध्ये निजामाच्या राज्यात स्थापन झाली आणि मराठवाडा त्या राज्याचा भाग असल्यामुळे तिथे तिची मुळे खोल गेली होती. तिचे नाव, बोधचिन्ह, काम करण्याची पद्धत स्टेट बँकेशी आधीपासूनच जुळत होती, आणि तरीही 2017 च्या विलीनीकरणानंतर जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘एसबीएच’ कितीतरी दिवस राहिली. बोधचिन्ह सारखे असल्याने दुःख टळत नाही, हे त्यातून मला शिकायला मिळाले. स्थानिक बँकेची माणसे तुमच्याकडे असतील, तर त्या गावातील ग्राहक मेळावा, शेतकऱ्यांची बैठक, बचत गटांचा कार्यक्रम त्यांच्याच हाती द्या. तिथे त्यांचा शब्द चालतो, आणि तो शब्द नव्या बँकेच्या नावाने चालू लागला तर दोघांचेही भले आहे.

सातत्य टिकवणे म्हणजे फलकावर जुने नाव लहान अक्षरांत ठेवणे एवढेच नाही. बँक ऑफ बडोदा, युनियन बँक, इंडियन बँक यांनी विलीनीकरणानंतर सामावलेल्या बँकांची नावे आपल्या चिन्हाजवळ ठेवली, आणि ते सौजन्याचेच होते. पण त्याहून खोल परिणाम होतो तो जुन्या बँकेची एखादी चांगली पद्धत नव्या बँकेने सर्वांसाठी स्वीकारली तर. सिंडिकेट बँकेच्या पूर्वसुरींनी 1928 मध्ये रोज दारात जाऊन किरकोळ रक्कम गोळा करण्याची पिग्मी ठेव सुरू केली आणि पुढे तो शब्दच महाराष्ट्रातल्या पतसंस्थांपर्यंत पोहोचला. प्रत्येक बँकेकडे लहान प्रमाणात असे काहीतरी असतेच. तुमच्या जुन्या बँकेकडे वसुलीची, पीक पाहणीची किंवा लॉकरच्या नोंदींची एखादी पद्धत सरस असेल, तर ती क्षेत्रातील सर्व शाखांना लागू करा, आणि सर्क्युलरमध्ये ती कुठून घेतली हे लिहा. त्या एका ओळीचे मोल तुमच्या दिवसभराच्या कार्यक्रमापेक्षा जास्त आहे.

बदल्या करताना जुन्या बँकेचा माणूस दुसऱ्या बाजूच्या शाखेत एकटा पाठवू नका, शक्य तिथे दोघे-तिघे पाठवा. एकटा पडलेला माणूस गप्प होतो आणि त्या गप्प राहण्याला आपण चुकून समरस होणे समजतो. सामावून घेणाऱ्या बँकेच्या लोकांनाही एकदा विचारा की, त्यांचे काय हरवले. दुप्पट झालेल्या बँकेत त्यांचीही ओळखीची माणसे आणि बढतीचे अंदाज विस्कटलेले असतात, आणि हे त्यांना कोणी विचारलेले नसते.

तुमच्या पत्रातील एक उल्लेख मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जुन्या बँकेच्या कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था अजून वेगळी चालते, तिची वार्षिक सभा दणक्यात होते आणि ती बंद करून नव्या बँकेच्या पतसंस्थेत विलीन करावी असा विचार सुरू आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो विचार सध्या बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. त्या संस्थेतून त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी आणि लग्नासाठी कर्जे घेतली आहेत, गुणवंत मुलांची बक्षिसे त्यांनी आपल्या हाताने दिली आहेत, आणि आज तीच एक जागा अशी आहे जिथे ते यजमान असतात. येत्या सभेला क्षेत्रीय व्यवस्थापकांना पाहुणे म्हणून बोलावले तर ते जातील का, एवढे आधी विचारून घ्या. गेले, तर त्यांनी भाषण करू नये, मुलांच्या बक्षिसांपर्यंत थांबावे, आणि मागच्या रांगेत बसलेल्या जुन्या शिपायांची व दफ्तरींची नावानिशी ओळख करून घ्यावी. पुढच्या वर्षी सभेचे निमंत्रण न मागता आले, तर त्यावरचा मजकूर ‘आमच्या’ने सुरू होतो की ‘आपल्या’ने, हे पाहून मला कळवा.